चेरीच्या झाडापलीकडचे वॉशिंग्टन

जॉर्ज वॉशिंग्टन आणि चेरीच्या झाडाची गोष्ट मुलांना फार आवडते. लहानग्या जॉर्जने झाडावर कुऱ्हाड चालवली आणि वडिलांपुढे खरं कबूल केलं. गंमत अशी, की खरेपणाची ही गोष्टच रचलेली आहे! वॉशिंग्टन १७९९ साली वारले. मेसन वीम्स नावाच्या पुस्तकं विकणाऱ्या पाद्र्याने त्यांचं चरित्र लिहिलं, त्याच्या १८०६ च्या आवृत्तीत ती आली.

शिक्षक मित्रहो, खरे वॉशिंग्टन मुलांना सांगायला अवघड आहेत, पण सांगायला हवेत. तरुणपणी त्यांना ब्रिटिश राजाच्या सैन्यात अधिकारी व्हायचं होतं. १७५४ मध्ये, अवघ्या बाविसाव्या वर्षी, फ्रेंचांपुढे शरणागती पत्करावी लागली. फ्रेंच येत नसताना त्यांनी कागदावर सही केली आणि त्यात एका फ्रेंच अधिकाऱ्याच्या खुनाची कबुली होती. हवी असलेली नेमणूक पुढेही मिळाली नाही. मानाची ही भूक मात्र आयुष्यभर राहिली. माझ्या मते तिचाच चांगला भाग १७८३ मध्ये दिसतो. युद्ध जिंकल्यावर त्यांनी सेनापतीपद परत केलं आणि घरी गेले.

आता दुसरी बाजू. वयाच्या अकराव्या वर्षी वडिलांकडून वारशात दहा गुलाम आले. राष्ट्राध्यक्ष असताना ते फिलाडेल्फियात राहत. तिथल्या कायद्याने सहा महिने सलग राहिलेला गुलाम मुक्त होऊ शकत असे. म्हणून मुदत भरण्याआधी गुलामांना राज्याबाहेर पाठवून परत आणलं जाई, आणि हे गुपचूप करायची त्यांची सूचना होती. म्हणजे यात काही बरोबर नाही हे त्यांना कळत होतं.

मार्था वॉशिंग्टन यांची दासी ओना जज हिला तर मालकिणीच्या नातीला लग्नात भेट म्हणून द्यायचं ठरलं होतं. मे १७९६ मध्ये घरातली मंडळी जेवत असताना ती निघून गेली, ती थेट न्यू हॅम्पशायरला. तिला परत आणायला राष्ट्राध्यक्षांनी सरकारी अधिकाऱ्यांना कामाला लावलं. तुमच्यामागे मुक्त करणार असाल तर येते, असा तिचा निरोप आला. त्यांनी तो धुडकावला.

पुढे मृत्युपत्रात वॉशिंग्टननी स्वतःच्या १२३ गुलामांच्या मुक्तीची तरतूद केली. ओना मार्थांच्या पहिल्या पतीच्या मालमत्तेतली, त्यामुळे ती त्यात बसत नव्हती. ती लिहा-वाचायला शिकली, मोलमजुरी करून जगली. १८४८ साली वारली तेव्हाही कायद्याच्या लेखी ती पळून आलेली गुलामच होती.