रेडॉन वाढला की भूकंप येतो? आठवीच्या वर्गातला एक तास

मागच्या महिन्यात आमच्या वर्गाच्या पालक ग्रुपवर रात्री अकराला एक फॉरवर्ड आला. जमिनीतून रेडॉन वायू निघतोय, ४८ तासांत मोठा भूकंप होणार, घराबाहेर झोपा. कोणी पाठवला, कुठे मोजला, काहीच नाही. आमच्या शाळेतले बरेच पालक चाकण-भोसरीच्या कंपन्यांत शिफ्टला जातात. कोणाचं गाव पाटण तालुक्यात, कोणाचं लातूरकडे. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप ज्या घरानं पाहिलाय, त्या घरात असा मेसेज कोणी हसण्यावारी नेत नाही. दुसऱ्या दिवशी दोन मुलं जागरणानं डोळे चोळत वर्गात आली. मी त्या दिवशीचा पाठ बाजूला ठेवला.

आधी सांगते, रेडॉनची गोष्ट थाप नाही. खडकात अगदी थोडं युरेनियम असतं. त्याचा ऱ्हास होत होत रेडियम तयार होतं आणि रेडियमपासून रेडॉन. रंग नाही, वास नाही, कशाशी सहसा संयोग पावत नाही. खडकाच्या कणांत अडकून बसतो. जमिनीवर ताण वाढला की खडकात बारीक भेगा पडतात आणि हा वायू मोकळा होतो, अशी कल्पना आहे.

वर्गात मी सगळ्यांना एकेक वेलदोडा दिला. अख्खा हुंगला तर वास जेमतेम. दातानं किंचित चेपला की लगेच घमघमाट. "मॅडम, म्हणजे वास आतच होता!" हो, आतच होता. भेग पडली म्हणून बाहेर आला.

मग इतिहास. १९६६ च्या ताश्कंद भूकंपाआधी तिथल्या खोल विहिरीच्या पाण्यात रेडॉन वाढत गेल्याचं शास्त्रज्ञांनी नोंदवलं आणि जगभर आशा निर्माण झाली. जपानमध्ये १७ जानेवारी १९९५ ला कोबेचा भूकंप झाला, सहा हजारांहून अधिक माणसं गेली. जवळच्या निशिनोमिया इथल्या विहिरीत भूकंपाच्या नऊ दिवस आधी रेडॉन सुरुवातीच्या पातळीच्या दहापटीहून वर गेला होता. आपल्याकडेही १९९१ च्या उत्तरकाशी भूकंपाच्या सुमारास हिमाचलमधल्या पालमपूरला रेडॉन वाढल्याची नोंद आहे.

एवढं ऐकून मुलं खूश. मग यंत्र लावा आणि भोंगा वाजवा! इथेच मी फळ्यावर चार घरं काढली. रेडॉन वाढला, भूकंप झाला. रेडॉन वाढला, भूकंप झाला नाही. वाढला नाही, पण झाला. वाढला नाही, झालाही नाही. विचारलं, मघाच्या तिन्ही गोष्टी कुठल्या घरात बसतात? तिन्ही पहिल्याच घरात. उरलेली तीन घरं कोणी भरलीच नाहीत. गोष्ट म्हणून सांगितलं जातं ते फक्त पहिलं घर.

दुसरं घर भरायला फार लांब जावं लागत नाही. पाऊस पडला की ओल्या मातीचं झाकण बसतं आणि वायू खाली साठतो. हवेचा दाब उतरला की वर ओढला जातो. तापमान, भूजलाची पातळी, सगळ्यांनी आकडा हलतो. आपल्या मावळ-खेडच्या पावसाळ्यात तर यंत्र रोज वेगळं काही सांगेल. वेलदोडा आई चहासाठीही ठेचतेच की!

अजून एक अडचण अर्धायुष्याची, आणि ती मला शिकवायला सगळ्यात आवडली. रेडॉनचं अर्धायुष्य सुमारे ३.८ दिवस. ६४ दाणे घ्या, दर फेरीला निम्मे काढा: ३२, १६, ८. दहा फेऱ्या म्हणजे ३८ दिवस; तोवर हजारात एखादा कण उरतो. भूकंपाचं केंद्र कित्येक किलोमीटर खोल. तिथला रेडॉन नुसता झिरपत वर येईपर्यंत संपून जातो. पाण्यानं किंवा दुसऱ्या वायूनं वाहून आणला तरच पोचेल. म्हणजे मातीत आपण मोजतो तो बहुतेक वरच्या काही मीटरमधलाच. त्यात आपल्या पायाखाली बेसाल्ट, ज्यात ग्रॅनाइटच्या मानानं युरेनियम कमीच.

चुकीच्या इशाऱ्याची किंमत इटलीत दिसली. जांपाओलो जुलियानी नावाचे तंत्रज्ञ रेडॉन मोजत. २००९ च्या मार्चअखेरीस सुलमोना गावासाठी त्यांच्या नावानं इशारा पसरला, तिथे घबराट झाली. सुलमोनाला काही झालं नाही. ६ एप्रिलला भूकंप झाला तो लाक्विलाला, पन्नासेक किलोमीटरवर, आणि ३०९ माणसं गेली. काही लोक अजून म्हणतात, त्यांचं ऐकायला हवं होतं. पण ऐकलं असतं तर? सुलमोनाची माणसं कदाचित लाक्विलालाच हलवली असती. मुलं इथे एकदम गप्प झाली.

मग हा अभ्यास सोडून द्यायचा का? मुळीच नाही, आणि त्यासाठी कोयनेइतकी चांगली जागा थोडीच. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, जवळपास दोनशे बळी गेले, हादरा पुण्यातही जाणवला. तेव्हापासून त्याच छोट्या पट्ट्यात ५ च्या वरचे वीसहून अधिक भूकंप झालेत. पुन्हापुन्हा एकाच जागी, म्हणजे चारही घरं भरायची सोय. म्हणूनच तिथे विंधन विहिरींतली पाण्याची पातळी मोजली जाते, मातीतले वायू तपासले गेलेत आणि गोठणे इथे ३ किलोमीटर खोल छिद्र घेतलंय. कराडजवळ हजारमाचीला त्यासाठी खास प्रयोगशाळा आहे. शाळेची सहल न्यायची असेल तर विचारून पाहा.

पालकांसाठी एक आडवाट. रेडॉनची भीती बाळगायचीच तर भूकंपासाठी नको, फुप्फुसांसाठी बाळगा. बंद तळघरात तो साठतो आणि धूम्रपानाखालोखाल फुप्फुसाच्या कर्करोगाचं ते एक मोठं कारण मानलं जातं. खिडक्या उघड्या ठेवा, एवढंच.

तास संपताना मुलांनी ग्रुपवर टाकायला तीन प्रश्न लिहिले: कुठे मोजला? किती दिवसांपासून मोजताय? याआधी वाढला तेव्हा काय झालं? नंतर बाकाखाली वाकून, डोकं झाकून, बाकाचा पाय घट्ट धरायचा सराव केला. पाटणकडची मुलगी म्हणाली, "आजी सांगते, त्या पहाटे कोणी सांगायला आलं नव्हतं." पुढच्या शनिवारी ती आजी वर्गात येणार आहे.