शेवटच्या आंघोळीचा हिशोब

आमच्या घरात आंघोळीचा क्रम ठरलेला होता. आधी सासूबाई, मग हे, मग थोरला, मग मी, आणि सगळ्यांत शेवटी धाकटी. ती तेव्हा अकरावीत होती, रात्री जागून अभ्यास करायची, म्हणून सकाळी तिला थोडं झोपू द्यायचो. डिसेंबरातली गोष्ट. मी डबे भरत होते आणि न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता. बादली भरून वाहतेय आणि कोणी नळ बंद करत नाहीये, असा तो आवाज. मी हाक मारली. उत्तर नाही. ह्यांनी खांदा लावून कडी उखडली तेव्हा पोरगी भिंतीला टेकून बसली होती, डोळे अर्धवट मिटलेले. वर भिंतीवरचा गॅस गीझर जळतच होता. त्याची एरवीची निळी ज्योत पिवळी झाली होती.

तिला उचलून बाल्कनीत आणलं. मोकळ्या हवेत पाचेक मिनिटांत ती बोलायला लागली, तरी आम्ही तसंच दवाखान्यात नेलं. ते केलं ते फार बरं झालं. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "घरात गॅस गीझर आहे का?" बोटाला लावलेलं यंत्र ऑक्सिजन ९८ दाखवत होतं. मला हायसं वाटलं, पण डॉक्टर म्हणाले की या आकड्यावर आज विसंबायचं नाही. जळणाला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो, आणि बोटावरच्या यंत्राला या दोन्हींतला फरक कळत नाही. रक्त तपासावं लागतं. मास्क लावून दिवसभर ऑक्सिजन दिला. दुसऱ्या दिवशी ती घरी आली.

या वायूला वास नसतो, हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. सिलिंडर गळला की जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो. गॅस जळून गेल्यावर तो उरत नाही. "वास आला नाही, म्हणजे सगळं ठीक," असं आम्ही दहा वर्षं समजत होतो.

आमची न्हाणी चार बाय सहा फुटांची. छतापर्यंत धरली तर आत सहा घनमीटर हवा. एक किलो गॅस पूर्ण जळायला साधारण बारा घनमीटर हवा लागते. भिंतीवरचा तो लहानसा डबा तासभर सलग चालला तर जवळजवळ किलोभर गॅस जाळतो. चार आंघोळी लागोपाठ झाल्या, म्हणजे गीझर एकूण वीस मिनिटं चालला, तर अर्ध्याहून अधिक हवा पाचवा माणूस आत पाऊल टाकायच्या आधीच वापरलेली असते. खिडकीतून ताजी हवा येत राहिली तर भागतं. पण त्या खिडकीच्या वरच्या पट्ट्यांना थंडी नको म्हणून पुठ्ठा मीच लावला होता. गीझर न्हाणीच्या बाहेर बसवा, असं त्याच्या पुस्तिकेत छापलेलं होतं. बसवणाऱ्याने ते पाहिलं नाही आणि आम्ही पुस्तिका उघडलीच नाही.

खुणा मिळत होत्या. त्या थंडीत धाकटी दोनदा म्हणाली होती, आंघोळ केली की डोकं दुखतं, मळमळतं. मी म्हटलं, जागरणाने पित्त झालं असेल, आणि कोकम सरबत दिलं. तुमच्या घरी कोणाचं डोकं आंघोळीनंतर दुखत असेल आणि बाहेर पडल्यावर उतरत असेल, तर आधी गीझर बंद करा.

नवीन गीझर घेताना आम्ही दुसरी चूक केली. चार दिवसांत काहीतरी हवंच होतं, म्हणून दुकानात जाऊन समोर आला तो तीन लिटरचा इन्स्टंट घेतला. "वहिनी, बटण दाबलं की गरम पाणी," दुकानदार म्हणाला. खोटं नव्हतं ते. पण तो ३ किलोवॅटचा गीझर पुण्याच्या थंडीत मिनिटाला दोन लिटरच पाणी अंघोळीजोगं तापवू शकतो. वीस लिटरची बादली भरायला नऊ-दहा मिनिटं. पाच माणसांत सगळं घर खोळंबलं. तो गीझर भांडी घासायच्या सिंकवर अगदी योग्य आहे, आणि आता तो तिथेच आहे.

मग मी वही घेऊन बसले. सासूबाई शेजारी भाजी निवडत होत्या. त्यांच्या माहेरी साताऱ्याकडच्या घरी तांब्याचा बंब होता. मधल्या नळकांड्यात लाकडं, करवंट्या जळायच्या, भोवती पाणी. "एक बादली काढली की एक बादली वर ओतायची," त्या म्हणाल्या. "नाही ओतली तर बंब कोरडा पडून जळेल, आणि मागच्याला पाणी नाही. आणि तो परसात असायचा गं, घरात कधी आणला नाही." माझ्या वहीतला सगळा हिशोब त्यातच होता. आत येणारा प्रत्येक जण मागच्यासाठी काय शिल्लक ठेवतो, ते पाहायचं.

गीझरमधलं पाणी ६० अंशांवर तापलं आणि नळाचं २० अंशांचं असलं, तर निम्मं-निम्मं मिसळून ४० अंशांचं, म्हणजे अंघोळीचं पाणी होतं. म्हणजे १५ लिटरच्या टाकीतून दीड बादली निघते आणि २५ लिटरच्या टाकीतून अडीच. शिवाय २ किलोवॅटची कॉइल दर दहा मिनिटांना चौदाएक लिटर अंघोळीचं पाणी नव्याने देते. पाच जण दहा-दहा मिनिटांच्या अंतराने जाणार असतील, तर १५ लिटरच्या गीझरमध्ये शेवटच्याची बादली अर्धवट कोमट राहते. २५ लिटरमध्ये सगळ्यांचं होतं. दोघांच्या घराला १५ लिटर पुरे. दुकानात "किती माणसं?" एवढंच विचारतात. तुम्ही "किती माणसं, किती मिनिटांत?" हे स्वतःला विचारून जा.

२५ लिटरचा गीझर आला, पण मी तो लगेच लावू दिला नाही. आमची इमारत जुनी, न्हाणीघरातला पॉइंट दिवा आणि पंख्यापुरता. २ किलोवॅटचा गीझर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. त्याला १६ अँपिअरचं सॉकेट, मेन बोर्डापासून वेगळी ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि स्वतःचा एमसीबी हवा. इलेक्ट्रिशियनने जुनं सॉकेट उघडलं आणि मला बोलावलं. "ताई, हे बघा." अर्थिंगच्या पिनेला वायरच जोडलेली नव्हती. हिरवी वायर भिंतीत शिरलेली, पुढचं टोक मोकळं. तेव्हा मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही बसवून घेतला. गळती झाली तर तो क्षणात वीज तोडतो. दर महिन्याला त्यावरचं टेस्ट बटण दाबून पाहते. गीझरचं बटण न्हाणीच्या बाहेर आहे आणि आंघोळीला शिरण्याआधी ते बंद करायचं, असा घरात नियम आहे.

पाण्याकडेही बघा. उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर येतो आणि बादलीला पांढरा थर धरतो. असं जड पाणी असलं की कॉइलवर क्षार बसतात, गीझर तापताना गुरगुरतो आणि वीज जास्त खातो. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते, तिला अ‍ॅनोड रॉड म्हणतात. टाकीचा पत्रा गंजू नये म्हणून ती स्वतः विरघळत जाते. ती संपली की टाकीची पाळी येते. आमची दोन वर्षांनी काढली तेव्हा अंगठ्याएवढी जाड कांडी पेन्सिलच्या शिशासारखी झाली होती, मधे तार दिसत होती. विक्रेत्याने तिचा उल्लेखही केला नव्हता. थर्मोस्टॅट ६० वर ठेवा. त्यापुढे क्षार वेगाने बसतात; लहान मुलाचा हात तर ६० लाही पोळतो.

इमारत उंच असेल किंवा गच्चीवर प्रेशर पंप असेल तर ८ बार सोसणारी टाकी घ्या. दर दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब वाढतो. पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात, ते पडलेच पाहिजेत. आमच्या शेजाऱ्यांकडे एका प्लंबरने "गळतंय" म्हणून तिथे बूच मारलं होतं. त्या व्हॉल्व्हला बूच मारलेली टाकी फुटू शकते. मी स्वतः जाऊन ते काढायला लावलं.

स्टारविषयी मी फार आग्रही नाही. स्टार म्हणजे टाकीतली उष्णता दिवसभरात किती निसटते त्याचं मोजमाप. सकाळी तासभर लावून बंद करणाऱ्या घराला चार आणि पाच स्टारमध्ये मोठा फरक पडणार नाही; दिवसभर चालू ठेवणाऱ्याला पडेल. त्या फरकाचे पैसे आधी वायरिंगवर खर्च करा. गच्ची तुमची असेल तर सोलर उत्तमच, पण आमच्यासारख्या दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला गरम पाणी येईपर्यंत नळातलं गार पाणी सोडून द्यावं लागतं, आणि पावसाळ्यात कॉइल लागतेच.

आणि ज्यांना गॅस गीझरच परवडतो, त्यांनी तो ड्राय बाल्कनीत, मोकळ्या हवेत लावावा आणि आत फक्त पाइप न्यावा. न्हाणीघरात तो कुठल्याही परिस्थितीत नको, एक्झॉस्ट पंखा असला तरी नको. घरातलं कोणी आत कोसळलं तर दार बाहेरून उघडता यावं, म्हणून आम्ही कडी काढून दोन्ही बाजूंनी उघडणारं लॅच बसवलंय.

धाकटी आता इंजिनिअरिंगला आहे आणि अजूनही सगळ्यांत शेवटी आंघोळ करते. तिला तिच्या वाट्याची पूर्ण बादली मिळते. गीझर आता विजेचा आहे, हवा खात नाही. तरी खिडकीच्या वरच्या दोन पट्ट्या आम्ही काढल्या त्या परत बसवल्या नाहीत. जानेवारीत तिथून गार वारा येतो, आणि तो येऊ देतो.