पाडस घरी आणावे काय?
(परिसर अभ्यास : इयत्ता तिसरी ते पाचवी)

ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत जिल्ह्यातील माळरानालगतच्या शिवारात काळविटाचे वा चिंकाऱ्याचे पाडस मजुरांच्या दृष्टीस पडणे नवलाचे नाही. ते घरी आले की सारी आळी गोळा होते, वाटीने दूध पाजले जाते, गळ्यात घुंगरू बांधले जाते. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यावाचून दुसरा विषय नसतो. शिक्षकास हा पाठ अनायासे लाभतो. 'प्राणिमात्रांवर दया करा' एवढे सांगून तो उरकू नये. दया मुलांच्या ठायी असतेच. तिला ज्ञानाची जोड मात्र द्यावी लागते.

प्रथम महाराष्ट्राच्या नकाशात पूर्वेकडील गडचिरोली जिल्हा व त्यातील भामरागड तालुका दाखवावा. तेथे हेमलकसा येथे २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे तेथे माडिया बांधवांच्या सेवेसाठी राहिले. एकदा शिकारीहून परतणारे काही माडिया त्यांना भेटले. त्यांच्यापाशी मारलेली माकडीण होती. तिचे जिवंत पिल्लू मेलेल्या आईला बिलगून दूध शोधीत होते. डॉक्टरांनी ते मागून घेतले व घरी आणले. पुढे त्यांनी शिकाऱ्यांशी ठरावच केला, की मागे राहिलेली पिल्ले मारू नयेत, आणून द्यावीत, मोबदला मिळेल. अशा रीतीने अस्वले, बिबटे, कोल्हे, हरणे त्या घराच्या अंगणात मुलांबरोबर वाढली. 'नेगल' नावाच्या बिबट्यावर विलास मनोहर यांनी पुस्तकच लिहिले आहे. डॉ. आमटे यांचे 'रानमित्र' शाळेच्या ग्रंथालयात असल्यास त्यातील एखादे प्रकरण मोठ्याने वाचून दाखवावे. माडियांना क्रूर ठरविण्याचा मोह मात्र टाळावा. ते पोटासाठी शिकार करीत, आणि ही गोष्ट मुलांना निःसंकोच सांगावी.

कथा संपताच वर्ग एकमुखाने म्हणेल, 'मग आपणही पाडस पाळू!' येथेच खरा पाठ सुरू होतो. शिक्षकांनी एकच प्रश्न विचारावा : हेमलकशाच्या पिल्लाची आई कोठे होती? आणि आपल्या शिवारातल्या पाडसाची आई कोठे आहे?

पहिली मेली होती. दुसरी बहुधा जवळच चरत असते. काळविटाची मादी व्यालेल्या पाडसाला पहिले काही दिवस गवतात किंवा पिकात दडवून ठेवते आणि अधूनमधून येऊन पाजते. पाडस हालचाल न करता अंग जमिनीस चिकटवून बसते. लांडग्याकुत्र्यांपासून वाचण्याचा त्याचा तोच उपाय होय. माणसाला ते टाकलेले, आजारी वाटते, आणि तो कळवळ्याने उचलून नेतो. पोरके नसलेले पाडस त्या क्षणी पोरके होते. गाईम्हशीच्या दुधाने पुष्कळदा त्यास हगवण लागते. त्यातूनही जगलेच तर त्याची माणसाची व कुत्र्याची भीती मोडते. नर असेल तर वयात आल्यावर, ज्याने वाढविले त्याच्यावरच शिंगे रोखतो. माणसांत वाढलेल्या अशा प्राण्याला पुन्हा रानात सोडणे म्हणजे त्याला कुत्र्यांच्या तोंडी देणे.

मोठ्या मुलांना आपल्याच जिल्ह्यातील दुसरा प्रसंग सांगता येईल. २०२१ मध्ये माजलगाव तालुक्यातील लवूळ येथे वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर व घरांच्या छतांवर नेऊ लागली. अनेक पिल्ले पडून वा उपासमारीने मेली. वानरे सूड घेतात अशी वार्ता देशभर पसरली व मेलेल्यांचा आकडा अडीचशेपर्यंत नेण्यात आला. त्यास पुरावा नव्हता. त्या डिसेंबरात वन विभागाने दोन वानरे पकडून दूर नेली. सूडाची कल्पना जाणकारांनी मान्य केली नाही. वानराने पिल्लू जवळ बाळगले, पण त्याला पाजणार कोण? छतावरचे ते पिल्लू आणि ओसरीवरचे पाडस यांत मुलांना साम्य दिसते का, हे विचारून शिक्षकांनी गप्प राहावे. उत्तर मुलांकडूनच येऊ द्यावे.

कायद्याची माहितीही आवश्यक आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये काळवीट, चिंकारा, वानर, मोर, मुंगूस यांस परवानगीवाचून घरी बाळगणे हा अपराध आहे. ज्या घरात पाडस आले आहे त्या घरच्या मुलाला वर्गासमोर उभे करून हे सांगू नये, नाहीतर पाडस लपविले जाईल आणि मूल पुढे काहीच सांगणार नाही. शाळा सुटल्यावर पालकांची स्वतंत्र भेट घ्यावी. पाडस नुकतेच उचलले असेल तर जेथून आणले तेथेच ठेवून सर्वांनी दूर व्हावे. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकतेच, हा समज गावोगाव आहे. त्यावर विसंबून पाडस ठेवून घेऊ नये. आईला संधी द्यावी. जखमी असेल, किंवा आई मेल्याचे निश्चित ठाऊक असेल, तर वनरक्षकास कळवावे. शिरूर कासार तालुक्यात तागडगाव येथे सर्पराज्ञी हे वन्यजीव पुनर्वसन केंद्रही आहे. वानर, कोल्हा वा मुंगूस चावल्यास जखम साबणाने पुष्कळ वेळ धुवावी व त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. अलर्काची भीती केवळ कुत्र्यापासूनच नसते.

पाठानंतर मुलांकडून 'मी पाहिलेले पाडस' या विषयावर पाच ओळी लिहून घ्याव्यात. त्यात ते कोणत्या पिकात होते, किती वाजता दिसले, आई दिसली का, हे यावे. पाडसास हात न लावता लिहिलेल्या ओळींस फलकावर पहिले स्थान द्यावे.