पाठदुखी, सुया आणि मोलियसीवकाचा प्रश्न



रविवारची वंदना आटोपून चहाचे कप हातात आले की आपल्याकडे गप्पा हमखास दुखण्याखुपण्याकडे वळतात. इथे ब्रिटनमध्ये आपल्यातले बरेच जण दिवसभर लॅपटॉपसमोर बसणारे, त्यांची मान आणि कंबर. हॉस्पिटलात किंवा गोदामात उभ्याने काम करणाऱ्यांचे गुडघे आणि टाचा. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईवडिलांचे तर विचारूच नका. मग सल्ले सुरू होतात. एकाला सुयांनी गुण आला, दुसरीने रेकीचा कोर्स केला आहे, तिसऱ्याने भारतातून चूर्णाचे डबे मागवले आहेत, आणि 'गुडघेदुखी महिन्यात मुळापासून बरी' असा व्हिडिओ कुणाच्या तरी फोनवर असतोच. या वेळच्या अभ्यासासाठी म्हणून हाच विषय घेतला आहे. दुखणे ही ऐकीव माहितीवर सोडून देण्यासारखी गोष्ट नाही, आणि आपल्या परंपरेत तिच्याविषयी बरेच स्पष्ट सांगितलेले आहे.

संयुत्त निकायात वेदनांवरचा एक स्वतंत्र विभाग आहे. (पाली भाषेत 'वेदना' म्हणजे फक्त दुखणे नव्हे. सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली, अशा सर्व संवेदना त्यात येतात. मराठीने त्यातली दुःखद तेवढी ठेवून घेतली.) या विभागात मोलियसीवक नावाचा परिव्राजक राजगृहाच्या वेळुवनात तथागतांना भेटतो. त्याचा प्रश्न असा: काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात की माणूस जे काही भोगतो ते सगळे त्याच्या पूर्वकर्मामुळे, यावर आपले मत काय?

तथागत त्याला आठ कारणे मोजून दाखवतात. पित्त, कफ, वात, या तिन्हींचा एकत्र बिघाड, ऋतूतला बदल, शरीराची हेळसांड, बाहेरून झालेला आघात, आणि आठवे कम्माचे फळ. पित्तामुळे दुखते हे माणसाला स्वतःला कळते आणि जगही ते मान्य करते, असे ते म्हणतात. म्हणून जे सरसकट सगळे पूर्वकर्मावर ढकलतात, ते स्वतःला जेवढे माहीत आहे त्याच्याही पुढे जातात आणि जगाने खरे मानलेल्या गोष्टींच्याही पुढे जातात. त्यांचे म्हणणे चुकीचे आहे, असा स्पष्ट निकाल तथागत देतात.

पित्त-कफ-वात हे त्या काळचे वैद्यक. आज त्या जागी चकती, स्नायू, चेता, संसर्ग, साखर असे शब्द येतील. माझ्या मते महत्त्वाची आहे ती पद्धत. दुखण्याला कारण असते, ते तपासता येते, आणि प्रत्येक दुखण्याचे कारण वेगळे असू शकते. हेळसांड हे कारण त्या यादीत आहे हे वाचून आम्हा आयटीवाल्यांनी तरी खुर्चीत जरा सरळ बसावे.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात कम्माचा नियम याच जीवनापुरता घेतला आहे. पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत कशासाठी रचला गेला असेल, याचे त्यांनी दिलेले उत्तर आपल्याला परिचित आहे: गरीब आणि खालच्या मानलेल्या लोकांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला आणि समाजाला टाळता यावी म्हणून. आपल्या आजी-आजोबांनी 'मागच्या जन्मीचे भोग' हे शब्द कुणाकडून ऐकले आणि कोणत्या प्रसंगी, हे वेगळे सांगायला नको. तोच सिद्धांत आज इथे तासाला इतके पौंड या दराने परत मिळतो. त्याची नावे तेवढी बदलली आहेत. कुणी कर्माची गाठ सोडवून देतो, कुणी गतजन्मात नेऊन पाठदुखीचे मूळ दाखवतो, कुणी चक्रे साफ करतो. दुखणाऱ्या माणसाला आधीच पुरेसे दुखत असते. त्यात 'हे तुमचेच केलेले आहे' हा आरोप त्याने पैसे देऊन का विकत घ्यावा?

शेक, घाम आणि पिलिंदवच्छ

याचा अर्थ डॉक्टरच्या गोळीखेरीज सगळे त्याज्य, असा नाही. विनयपिटकातला भेसज्जक्खंधक जरूर वाचा. पिलिंदवच्छ नावाच्या भिक्खूला अंगात वात भरून दुखू लागले, तेव्हा तथागतांनी आधी घाम काढण्याची परवानगी दिली. त्याने भागले नाही म्हणून औषधी पाला घालून घाम काढण्याची, मग त्याहून मोठ्या शेकाची, मग भांगेच्या पाल्याच्या पाण्याची, आणि शेवटी गरम पाण्याच्या टाकीत बसण्याची. एक उपाय करून पाहिला, गुण आला नाही, पुढचा घेतला. आपल्या घरातली ओव्याची पुरचुंडी आणि तव्यावर गरम केलेला निर्गुडीचा पाला याच वळणाचे. शेकाने आखडलेला स्नायू सैल पडतो. तो स्वस्त आहे, आणि पायाची संवेदना कमी झालेल्या मधुमेहींनी पोळू नये एवढे सांभाळले तर त्यात धोकाही फारसा नाही.

प्रश्न येतो तो जिथे पैसे, आशा आणि औषध बंद करण्याचा सल्ला एकत्र येतात तिथे.

गुण आला म्हणजे काय झाले?

सर्व्हर अडकला, कुणीतरी रीस्टार्ट केला, सुरू झाला. लगेच जाहीर होते की रीस्टार्टने प्रश्न सुटला. खरे कारण सापडलेले नसते. दुखण्याचे तसेच आहे. कंबरदुखी बहुधा चढ-उताराची असते आणि आपण उपचाराला जातो ते ठणका सर्वांत जास्त असताना. पुढच्या दोन आठवड्यांत तो काहीही न करता उतरण्याची शक्यता बरीच असते. त्या काळात जो उपचार चालू असेल त्याला श्रेय मिळते. म्हणून 'मला गुण आला' हे वाक्य खोटे नसते, पण 'त्यामुळेच आला' हे त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी दोन सारखे गट लागतात, आणि कोणाला काय मिळाले हे शक्यतो रुग्णाला कळू द्यायचे नसते.

सुयांच्या बाबतीत हे जर्मनीत फार चांगल्या रीतीने झाले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत जुनाट कंबरदुखीचे ११६२ रुग्ण होते. एका गटाला चिनी शास्त्रात सांगितलेल्या बिंदूंवर खरे ॲक्युपंक्चर दिले. दुसऱ्याला भलत्याच जागी, वरवर सुया टोचल्या. तिसऱ्याला नेहमीचे उपचार, म्हणजे औषधे, फिजिओथेरपी, व्यायाम. सहा महिन्यांनी पहिल्या गटात ४७.६ टक्के लोकांना ठरवलेल्या मापाइतका फायदा झाला होता, दुसऱ्यात ४४.२ टक्के, तिसऱ्यात २७.४ टक्के.

हे आकडे दोनदा वाचा. सुयांच्या बाजूने बोलणारा पहिला आणि तिसरा आकडा सांगतो, विरोधात बोलणारा पहिला आणि दुसरा. दोघेही खरे बोलत असतात. सुया टोचून घेतलेल्यांना बरे वाटले, हे खरे. पण सुई कोणत्या बिंदूवर टोचली याने जवळजवळ काहीच फरक पडला नाही. म्हणजे शरीरातल्या ऊर्जावाहिन्यांचे जे स्पष्टीकरण दिले जाते, त्याला या चाचणीत आधार मिळाला नाही. कोणीतरी वेळ दिला, स्पर्श केला, अपेक्षा जागवली, विश्रांती मिळाली. त्याचाही शरीरावर परिणाम होतो. तिसऱ्या गटाला आपल्याला सुया मिळालेल्या नाहीत हे ठाऊक होते, हेही लक्षात ठेवावे.

या देशात उपचारांचे मार्गदर्शन ठरवणारी 'नाइस' ही संस्थाही सरसकट हो किंवा नाही म्हणत नाही. २०१६ च्या मार्गदर्शनात कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर देऊ नये असे आहे, २०२२ मध्ये संधिवाताच्या झिजेसाठीही नाही. पण दुसरे कारण सापडत नाही अशा जुनाट वेदनेसाठी २०२१ मध्ये मर्यादित तासांचे ॲक्युपंक्चर विचारात घ्यावे असे आहे. त्याच मार्गदर्शनात अशा वेदनेसाठी पॅरासिटामॉल किंवा ओपिऑइड गोळ्या सुरू करू नयेत असेही सांगितले आहे, आणि व्यायामाला वरचे स्थान आहे. कंबरदुखीत मालिश किंवा हाडे-सांधे हाताळण्याचे उपचार व्यायामासोबत असतील तरच.

रेकीच्या जवळची एक पद्धत आहे, 'थेराप्यूटिक टच'. तीत हात शरीराला न लावता, वरून फिरवून ऊर्जा जाणवते असा दावा असतो. अमेरिकेत एमिली रोझा नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी तो तपासला. मध्ये पडदा, उपचारकाचे दोन्ही हात पडद्यातून पुढे, आणि ही मुलगी आपला हात त्यांपैकी एकावर धरणार. कोणत्या हातावर ऊर्जा जाणवते ते सांगायचे. २१ उपचारकांनी २८० वेळा सांगितले, त्यात १२३ वेळा बरोबर. नाणे उडवले असते तरी १४०च्या आसपास आले असते. १९९८ मध्ये हा प्रयोग अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला. आपल्या मुलांच्या शाळेच्या प्रकल्पांना आपण उगाच कमी लेखतो.

होमिओपॅथी आपल्या अनेक घरांत आहे, म्हणून एवढेच: '३० सी' म्हणजे शंभरपट विरळ करण्याची क्रिया तीस वेळा, आणि त्यानंतर बाटलीत मूळ द्रव्याचा एक रेणूही उरण्याची शक्यता नसते. इंग्लंडच्या एनएचएसने २०१७ मध्ये जीपींना ती लिहून देऊ नये असे सांगितले.

डब्यात काय आहे

होमिओपॅथीच्या बाटलीत काही नसते ही अडचण, तर काही चूर्णांत नको ते असते. २००४ मध्ये बॉस्टन परिसरातल्या दक्षिण आशियाई किराणा दुकानांतून आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्या ७० औषधांची तपासणी झाली. त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. काही रसौषधींत आणि भस्मांत धातू मुद्दामच वापरतात. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांना शिशाचा धोका सर्वांत जास्त. इथे विकत घेताना डब्यावर 'टीएचआर' हे चिन्ह पाहावे. त्याचा अर्थ गुणवत्ता आणि सुरक्षितता तपासली आहे इतकाच; गुण येईलच असा त्याचा अर्थ नाही. नातेवाइकाच्या बॅगेतून आलेल्या डब्यावर तेही नसते.

वनस्पती निरुपद्रवी असते हाही गैरसमज. सेंट जॉन्स वॉर्टमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम कमी होऊ शकतो. मधुमेहाच्या गोळ्यांसोबत कारल्याच्या अर्काच्या कॅप्सूल घेतल्यास साखर नको तितकी खाली जाऊ शकते.

दोन बाण

मग ध्यानाचे काय, हा प्रश्न तुम्ही विचारणारच. सल्ल सुत्तात तथागत सांगतात की अशिक्षित मनाच्या माणसाला एक बाण लागतो, आणि लगेच दुसराही. पहिला शरीराचा, दुसरा त्या दुखण्याविषयीच्या चिडीचा, भीतीचा, विलापाचा. शिकलेल्या श्रावकाला पहिलाच लागतो. तो लागतच नाही असे सुत्त म्हणत नाही. सेख सुत्तात तर खुद्द तथागत सांगतात की माझी पाठ दुखते आहे, मी जरा पडतो, आणि पुढचा उपदेश आनंदावर सोपवतात.

जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात सतीच्या, म्हणजे सजगतेच्या, सरावावर आधारलेला आठ आठवड्यांचा कार्यक्रम उभारला. २०१६ मधल्या एका चाचणीत जुनाट कंबरदुखीचे ३४२ रुग्ण होते. २६ आठवड्यांनी हालचालीत ठळक सुधारणा झालेले लोक या कार्यक्रमाच्या गटात ६०.५ टक्के, बोधात्मक वर्तन उपचाराच्या गटात ५७.७ टक्के आणि नेहमीच्या उपचारांवर ४४.१ टक्के होते. चांगला परिणाम आहे, चमत्कार नाही. जी मोजपट्टी आपण सुयांना लावली तीच इथेही लावायची. या रुग्णांनाही आपल्याला काय मिळते आहे हे ठाऊक होते, आणि दहातल्या चौघांना तेवढा उतार पडला नाही.

पहिल्या बाणासाठी शल्यवैद्य लागतो, हे चूळमालुंक्य सुत्तातल्या विषारी बाणाच्या दृष्टांतात आहेच. तेव्हा कंबरदुखीसोबत लघवी अडली किंवा नकळत झाली, मांड्यांमधला भाग बधिर झाला, दोन्ही पायांतली ताकद गेली, तर आनापानही नको आणि तेलही नको. थेट ॲक्सिडेंट अँड इमर्जन्सी. छातीतल्या कळेला ९९९.

विनयात रुग्णाचेही गुण सांगितले आहेत. त्यातला एक म्हणजे आजार आहे तसा शुश्रूषा करणाऱ्याला सांगणे. जीपीकडे जाताना घरातली सगळी चूर्णे, तेले, कॅप्सूल यांच्या डब्यांचे फोटो फोनमध्ये घेऊन जा, आणि त्यातले काय रोज घेता ते सांगा. रागावतील म्हणून लपवू नका. आईवडिलांना इंग्रजीत सांगता येत नसेल तर अपॉइंटमेंट घेतानाच मराठी दुभाषी मागा, त्याचे पैसे पडत नाहीत. इंग्लंडमध्ये जीपीच्या सल्ल्याला पाहुणे म्हणून आलेल्यांनाही शुल्क नाही. सर्जरीत तात्पुरती नोंदणी करून मिळते का ते विचारा. सुया टोचणाऱ्या किंवा रेकी देणाऱ्याला इथे व्यावसायिक परिषदेकडे नोंदणी कायद्याने सक्तीची नाही. ऑस्टिओपॅथ आणि कायरोप्रॅक्टर यांना आहे, आणि त्यांची नावे त्यांच्या परिषदांच्या संकेतस्थळांवर शोधता येतात. पहिल्या भेटीतच किती बैठका, एकूण किती पैसे आणि कोणत्या टप्प्यावर 'गुण नाही' असे मानून थांबायचे, हे विचारून लिहून घ्या. आणि जो कोणी इन्सुलिन, रक्तदाबाची किंवा फिट्सची गोळी बंद करायला सांगेल, त्याच्याकडे दुसरी अपॉइंटमेंट घेऊ नका.