शेतमजुराची किमान मजुरी व ती न देणाऱ्यास होणारी शिक्षा

(ग्रामकार्यकर्ते व शेतकरी यांच्याकरिता एक पाठ)

खान्देशात आखाजी जवळ आली म्हणजे गावोगाव सालदार ठरविण्याची बोलणी सुरू होतात. पुढे पावसाळ्यात निंदणी येते, दिवाळीच्या सुमारास कपाशीची वेचणी येते, आणि रावेर, यावल, चोपडा या बागायती भागांत केळीची कामे तर वर्षभर चालू असतात. या कामांचा रोज बहुधा गावच्या रिवाजाने ठरतो. “आमच्या गावी इतकाच रोज आहे,” असे शेतकरी सांगतो व मजूरही ते मान्य करतो. परंतु रिवाज हा कायद्याहून मोठा नव्हे. सरकारने ठरविलेल्या किमान दराहून कमी मजुरी देणे हा अपराध आहे, आणि त्याची शिक्षा अलीकडे बदलली आहे. ती काय आहे हे शेतकऱ्यास ठाऊक नसेल तर त्याचे नुकसान होते, व मजुरास ठाऊक नसेल तर त्याच्या चुलीचे नुकसान होते. म्हणून हा विषय दोघांनीही समजून घ्यावा.

कायदा कसा आला

आपल्या देशात किमान वेतनाचा कायदा १९४८ साली झाला. शेतीकामाचा समावेश त्याच्या अनुसूचीत प्रथमपासूनच होता. त्या कायद्यानुसार कमी वेतन देणाऱ्यास ६ महिन्यांपर्यंत कैद, अथवा ५०० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकत असत. परंतु कायदा पुस्तकात असणे वेगळे व शेताच्या बांधापर्यंत पोहोचणे वेगळे. शहादे व तळोदे हे तालुके आज नंदुरबार जिल्ह्यात आहेत. १९९८ पूर्वी ते धुळे जिल्ह्यात होते. तेथील भिल्ल शेतमजुरांनी १९७१-७२ च्या सुमारास अंबरसिंग सुरतवंती व श्रमिक संघटना यांच्या नेतृत्वाखाली मोठी चळवळ केली. जमिनीच्या प्रश्नाबरोबरच सालदारांचे वेतन व रोजंदारीचे दर हेही त्या चळवळीतील प्रमुख प्रश्न होते. वि. स. पागे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने महाराष्ट्रातील शेतमजुरांच्या स्थितीचा अभ्यास करून १९७३ साली आपला अहवाल दिला. शेतमजुरीचा प्रश्न केवळ दयाधर्माचा नसून हक्काचा आहे, ही जाणीव या काळात दृढ झाली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या कायद्याची जागा वेतन संहिता, २०१९ हिने घेतली आहे. जुन्या कायद्याखाली ठरलेले दर संहितेशी विसंगत नसतील तेथवर पुढे चालू राहतात. म्हणून “जुना कायदा गेला, आता दर उरला नाही,” असे कोणी सांगितल्यास ते खरे मानू नये.

कमी मजुरी कशास म्हणावे

केवळ रोज कमी देणे एवढाच याचा अर्थ नाही. पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

१. वेचणीची मजुरी किलोवर दिली जाते. तथापि त्या कामास किलोचा किमान दर ठरलेला नसून फक्त दिवसाचा ठरलेला असेल, तर मजुराच्या हाती किमान दिवसाच्या दराइतकी रक्कम पडलीच पाहिजे. समजा, दिवसाचा दर ३५० रुपये आहे. शेवटच्या वेचणीत बोंडे विरळ असल्यामुळे एका बाईने दिवसभरात ३० किलो कापूस वेचला व तिला ८ रुपये किलोप्रमाणे २४० रुपये मिळाले. येथे ११० रुपये कमी दिले गेले.

२. पुरुष व स्त्री यांनी एकच किंवा सारख्याच स्वरूपाचे काम केले, तर केवळ ती स्त्री आहे म्हणून तिला कमी देता येत नाही.

३. मजूर काम करण्यास तयार असूनही मालकाने पुरेसे काम दिले नाही, तर सामान्यतः पूर्ण दिवसाची मजुरी द्यावी लागते.

४. रोजंदारीची मजुरी त्याच दिवशी काम संपताना द्यावयाची असते. आठवड्याने द्यावयाची असल्यास आठवड्याच्या सुटीपूर्वीच्या शेवटच्या कामाच्या दिवशी ती द्यावी. “पुढच्या बाजारी पाहू,” हे कायद्यास मान्य नाही.

५. केळीचे घड कापण्यास व वाहण्यास मुकादमामार्फत टोळी लावली असेल आणि मुकादमाने मजुरी बुडविली, तर ती देण्याची जबाबदारी ज्याचे काम चालले होते त्या मालकावर येते.

शिक्षा काय आहे

कमी मजुरी दिल्यास मालकावर दोन निरनिराळ्या जबाबदाऱ्या येतात. एक मजुराचे देणे फेडण्याची व दुसरी सरकारी दंडाची. एक भरली म्हणून दुसरी सुटत नाही.

मजुराचे देणे: मजुराने दावा केल्यावर सरकारने नेमलेला अधिकारी कमी दिलेली रक्कम देवविण्याचा हुकूम करतो. शिवाय त्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा हुकूमही तो करू शकतो. मालकाने रक्कम न दिल्यास ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते.

सरकारी दंड: पहिल्या अपराधास ५०,००० रुपयांपर्यंत दंड होतो. पाच वर्षांच्या आत तोच अपराध पुन्हा घडला, तर ३ महिन्यांपर्यंत कैद, अथवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नोंदी न ठेवणे अथवा चुकीच्या ठेवणे यास १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. नोंदींच्या चुका सुधारण्यास निरीक्षक प्रथम लेखी सूचना देऊन मुदत देतो. परंतु ही सवलत कमी मजुरी देण्याच्या अपराधास नाही, हे नीट लक्षात ठेवावे.

हिशोब करून पाहू

एका शेतकऱ्याने निंदणीसाठी ४ स्त्रिया २० दिवस लावल्या. समजा, किमान दर ३५० रुपये असून त्याने २५० रुपये दिले.

एका दिवसाचा एकीचा फरक: १०० रुपये
एकूण फरक: १०० × ४ × २० = ८,००० रुपये
जास्तीत जास्त भरपाई: ८,००० × १० = ८०,००० रुपये
मजुरांचे एकूण देणे: ८८,००० रुपयांपर्यंत
त्याशिवाय दंड: ५०,००० रुपयांपर्यंत

भरपाई किती द्यावयाची हे अधिकारी परिस्थिती पाहून ठरवितो. ती नेहमीच दहापट असेल असे नाही. तथापि ८,००० रुपये वाचविले असे ज्यास वाटत होते, त्याने वास्तविक केवढे ओझे शिरावर घेतले हे या हिशोबावरून दिसेल. कमी दिलेली मजुरी ही बचत नव्हे; ते न फेडलेले कर्ज होय.

शेतकऱ्यांच्या काही शंका

“मजूर स्वखुशीने कमी रोजावर आला, त्याने अंगठाही दिला आहे.” असा करार कायद्यात निरर्थक आहे. किमान मजुरीचा हक्क मजुरास स्वतःहूनही सोडून देता येत नाही. ज्याच्या घरी पीठ संपले आहे त्याची खुशी ही खरी खुशी नसते, हे कायद्याने ओळखले आहे.

“कापसास भाव नाही, केळी वादळात आडवी झाली, मी कोठून देऊ?” ही अडचण खरी आहे व ती कोणी हसण्यावारी नेऊ नये. परंतु मालकाची ऐपत नाही ही सबब किमान वेतनाच्या बाबतीत चालत नाही. केरळातील कौलांच्या उद्योगासंबंधीच्या उनिचोयी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ सालीच हे स्पष्ट केले आहे. भाव, विमा व कर्ज यांविषयीची दाद त्या त्या ठिकाणी मागावी. पिकाची तूट मजुराच्या रोजातून भरून काढता येत नाही. पुढे १९८२ साली, दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात, किमान वेतनाहून कमी देऊन काम करून घेणे ही राज्यघटनेच्या कलम २३ ने निषिद्ध ठरविलेली वेठ होय, असाही निर्णय त्या न्यायालयाने दिला.

सालदार व उचल

सालदाराचे वेतन वर्षाचे ठरते. म्हणून ते दिवसाच्या हिशोबाने किती पडते हे सहसा कोणी पाहत नाही. आखाजीला बोलणी करतानाच वर्षाची रक्कम कामाच्या दिवसांनी भागून पाहावी व ती किमान दराहून कमी भरत असल्यास वाढवावी. धान्याच्या रूपाने काही दिले जात असेल, तर त्याची किंमत एकूण वेतनाच्या १५ टक्क्यांपर्यंतच वेतनात धरली जाते.

उचल दिली असल्यास तिची कपात करता येते. परंतु सर्व कपाती मिळून त्या मुदतीच्या वेतनाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. उचल फिटली नाही म्हणून सालदारास अडकवून ठेवणे, दुसरीकडे कामास जाऊ न देणे, किंवा त्याच्या बायकामुलांकडून फुकट काम घेणे हा याहून गंभीर अपराध आहे. वेठबिगार पद्धती नष्ट करणाऱ्या १९७६ च्या कायद्याखाली त्यास ३ वर्षांपर्यंत कैद व २,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

नोंद ठेवणे

शेतीसाठी पाचांहून अधिक माणसे कामास न लावणाऱ्या शेतकऱ्यास विहित नोंदवह्या ठेवण्यापासून सूट आहे. मात्र निरीक्षकाने मागितल्यास मजुरी दिल्याचा योग्य पुरावा त्याने दाखविला पाहिजे. शिवाय कमी मजुरीचा दावा झाल्यास, ती दिली हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. म्हणून लहान शेतकऱ्यानेही एक साधी वही ठेवावी. तीत तारीख, मजुराचे नाव, काम, तास, दर, दिलेली रक्कम व सही अथवा अंगठा असे रकाने पुरेत. प्रामाणिक शेतकऱ्यास या वहीइतका चांगला साक्षीदार नाही. मजुरांनीही आपले दिवस घरी कॅलेंडरवर मांडून ठेवावेत.

मजुराने दाद कोठे मागावी

जळगाव व धुळे येथे जिल्ह्याच्या ठिकाणी कामगार खात्याची कार्यालये आहेत. मजुरास तेथे चौकशी करता येते. दावा स्वतः मजूर, तो सभासद असलेली नोंदलेली कामगार संघटना, अथवा निरीक्षक दाखल करू शकतो. अनेक मजुरांचा मिळून एकच अर्जही चालतो. जुन्या कायद्यात दाव्याची मुदत ६ महिन्यांची होती. संहितेत ती ३ वर्षांची केली आहे. स्त्रिया तसेच अनुसूचित जाती व जमातींतील व्यक्ती यांस जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळू शकतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

ग्रामकार्यकर्त्याचे काम

किमान दर वेळोवेळी बदलतात. म्हणून ग्रामकार्यकर्त्याने आखाजीपूर्वी व वेचणीपूर्वी कामगार कार्यालयातून आपल्या भागाचा चालू दर लेखी मिळवावा, तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ठळक लिहावा व ग्रामसभेत वाचून दाखवावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या वस्तीत जाऊन तो सांगावा. तक्रार आल्यास प्रथम मालकाची वही व मजुराचे म्हणणे पाहून फरकाचा हिशोब मांडावा. मालकाने तो फरक तत्काळ दिला तर उत्तमच. परंतु “थोडे घे व गप्प बस,” अशी तडजोड ग्रामकार्यकर्त्याने कधीही घडवून आणू नये. कारण तशी तडजोड कायद्यात टिकत नाही आणि गावाचा त्याच्यावरील विश्वास मात्र उडतो.

शेत मालकाचे असले तरी पीक दोघांच्या हातांनी उभे राहते. ठरल्या दिवशी पूर्ण रोज देणाऱ्या शेतकऱ्याकडे ऐन वेचणीत मजूर आपण होऊन येतात, हा अनुभव गावोगाव आहे. शिक्षेच्या भयापेक्षा ही गोष्ट अधिक मोलाची आहे.

उजळणीसाठी प्रश्न

१. आपल्या गावात शेतीकामाचा चालू किमान दर किती आहे? तो कोठे लिहिलेला आहे?
२. किलोवर वेचणी करणाऱ्या बाईची मजुरी कमी पडली की नाही, हे कसे ठरवाल?
३. ३ मजुरांस १० दिवस प्रत्येकी ६० रुपये कमी दिले, तर मजुरांचे जास्तीत जास्त देणे किती होईल?
४. पाचांहून अधिक मजूर न लावणाऱ्या शेतकऱ्यानेही वही का ठेवावी?