इवल्या माशाचा मेंदू

शहागंजातील घड्याळाच्या मनोऱ्यापासून हाकेच्या अंतरावर माझे एक वृद्ध स्नेही राहतात. आयुष्यभर त्यांनी मुलांना गणित शिकवले. गेल्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात निर्बळ झाला. मी त्यांच्या समाचारास गेलो असता त्यांचा बारा वर्षांचा नातू मला म्हणाला, "गुरुजी, खेळताना माझा गुडघा फुटला, तेव्हा थोड्याच दिवसांत नवी कातडी आली. मग आजोबांच्या मेंदूची जखम का बरे भरून येत नाही?"

प्रश्न साधा होता. परंतु याच प्रश्नाने थोर थोर शास्त्रज्ञांची झोप उडविली आहे. बालमित्रहो, त्याला मी जे सांगितले, तेच तुम्हांलाही सांगतो.

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. कातडीच्या नव्या पेशी जन्मभर तयार होत असतात. मेंदूचे तसे नाही. मनुष्याच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. त्यांपैकी बहुतेक सर्व जन्मापूर्वी किंवा जन्मानंतरच्या प्रारंभीच्या काळातच तयार होतात. पक्षाघातात मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा थांबतो व तेथील चेतापेशी मरतात. त्यांची जागा घेण्यास नव्या पेशी सहसा येत नाहीत.

परंतु निसर्गात एक इवलासा जीव असा आहे, की ज्याला ही विद्या अवगत आहे. तो म्हणजे झेब्रा मासा. हा जेमतेम तीन-चार सेंटिमीटर लांबीचा, अंगावर निळे पट्टे असलेला मासा मूळचा आपल्याच देशाकडचा. येथील ओढ्यांत व भातखाचरांत तो आढळतो. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतील माशांविषयीच्या ग्रंथात त्याची नोंद केली. पुढे अमेरिकेत जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याला प्रयोगशाळेत मानाचे स्थान मिळवून दिले.

या माशाची अंडी आईच्या शरीराबाहेर वाढतात आणि ती पारदर्शक असतात. अवघ्या चोवीस तासांत डोके, डोळे व शेपटी यांचा आकार दिसू लागतो. जणू काचेच्या खिडकीतून पाहावे, तसा मेंदू घडताना सूक्ष्मदर्शकातून पाहता येतो! शिवाय मनुष्याच्या शंभरांपैकी सुमारे सत्तर जनुकांना या माशात जोड सापडते.

त्याच्या मेंदूला इजा झाली, तर मेंदूतील काही राखीव पेशी जाग्या होतात, त्यांचे विभाजन होते आणि नव्या चेतापेशी निर्माण होतात. २०१२ साली जर्मनीतील ड्रेस्डेन येथील संशोधकांनी दाखविले, की जखमेचा दाह हाच त्या पेशींना जागे करणारा इशारा असतो.

मेंदू मुळात घडतो तरी कसा, याचा शोध आपल्या महाराष्ट्रातही चालतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. शुभा तोळे यांनी उंदरांच्या मेंदूचा अभ्यास केला. 'एल-एच-एक्स-टू' या एका जनुकावर वाढत्या पेशींचे भवितव्य अवलंबून असते, हे २००८ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. हे जनुक योग्य वेळी नसेल, तर पेशी आपली वाट बदलतात, आणि स्मृतीशी निगडित असलेला मेंदूचा भाग भलत्याच ठिकाणी तयार होतो! या क्षेत्रातील कार्याबद्दल त्यांना २०१४ साली इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

"म्हणजे आजोबांचा हात आता बरा होईल?" नातवाने उत्सुकतेने विचारले.

मी म्हणालो, "बाळ, माशाची विद्या मनुष्याच्या उपयोगी आणण्यास अजून पुष्कळ शोध लागावयाचे आहेत. पण वाचलेल्या चेतापेशी सरावाने नवे दुवे जोडू शकतात. म्हणूनच डॉक्टरांनी नेमून दिलेला व्यायाम नित्य करावयाचा असतो."

पुढच्या खेपेस गेलो, तेव्हा आजोबा उजव्या हाताने रबरी चेंडू दाबीत होते आणि नातू शेजारी बसून मोठ्याने मोजीत होता. आकडा चुकला, की गणिताचे ते जुने शिक्षक मिश्कीलपणे हसत आणि पुन्हा एकपासून मोजावयास लावीत.

स्वाध्याय
१. मेंदूची जखम कातडीच्या जखमेप्रमाणे का भरून येत नाही?
२. संशोधकांना झेब्रा मासा उपयुक्त का वाटतो?
३. नातवाच्या स्वभावातील कोणते गुण तुम्हांला आवडले? पाच-सहा वाक्यांत लिहा.