मराठी बोटांनी मल्याळम पत्र

प्रश्न : मी पासष्ट वर्षांची आहे. सातारा जिल्ह्यात सरकारी कचेरीत टंकलेखक म्हणून नोकरीला लागले, मशीनवरून पुढे संगणकावर आले. आता दोन वर्षं मुलाकडे बेंगळुरूला राहते. सूनबाई पालक्काडची. तिच्याकडून मी मल्याळम मुळाक्षरं गिरवली, कारण विहीणबाईंना एकदा तरी त्यांच्या भाषेत पत्र लिहायचं मनात आहे. हात थरथरतो, म्हणून संगणकावर लिहीन म्हटलं. सुनेने लॅपटॉपवर मल्याळम कळफलक चालू करून दिला. मी सवयीने मराठीच्याच कळा दाबल्या, तर 'क'च्या कळेवर मल्याळम 'क' आला, 'म'च्या कळेवर 'म'! हे कसं काय? पण 'तो आला' लिहायला गेले तेव्हा सून म्हणाली, "आई, हे 'त्याला' झालं." 'न'च्या डोक्यावर एक चंद्रकोर आली होती, ती काही केल्या जाईना. शिवाय 'कु', 'रु' ही अक्षरं पडद्यावर एक दिसतात आणि विहीणबाईंच्या हस्ताक्षरात वेगळीच. बरोबर कोणतं?

– एक वाचक, मल्लेश्वरम, बेंगळुरू

उत्तर : तुमच्या बोटांना मल्याळम आधीपासूनच येत होतं, एवढंच. कचेरीत तुम्ही ज्या कळफलकावर मराठी लिहीत होता तो इनस्क्रिप्ट. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली तो प्रमाण ठरवला, तेव्हाच एक फार शहाणपणाची गोष्ट केली. ब्राह्मीच्या पोटातून आलेल्या आपल्या सगळ्या लिप्यांची वर्णमाला मुळात एकच आहे, मग कळाही एकच ठेवू या, असं ठरलं. डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं. इंग्रजी 'के'च्या कळेवर क, शिफ्ट धरली की ख. देवनागरी असो, कन्नड असो, तेलुगू असो की मल्याळम, क तिथेच. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं 'जिस्ट'चं तंत्रज्ञान याच विचारावर उभं होतं. आपल्याकडच्या कचेऱ्यांत इनस्क्रिप्ट पोचलं ते याच वाटेने.

ही एकवाक्यता नुसती कळांपुरती नाही, आतपर्यंत आहे. तुम्ही कळ दाबता तेव्हा संगणक अक्षराचा आकडा साठवतो. आकार नंतर फाँट देतो. युनिकोड म्हणजे या आकड्यांची जगभर मान्य झालेली यादी. भारतीय लिप्यांचे आकडे ठरवताना युनिकोडने आपल्याच 'इस्की' या प्रमाणाचा क्रम उचलला आणि प्रत्येक लिपीला १२८ घरांची एकेक चाळ दिली. पहिली चाळ देवनागरीची. मग बंगाली, गुरुमुखी, गुजराती, उडिया, तमिळ, तेलुगू, कन्नड, आणि नववी मल्याळमची. प्रत्येक चाळीत क त्याच क्रमांकाच्या खोलीत राहतो. देवनागरी क म्हणजे २३२५. त्यात १०२४ मिळवा, ३३४९ हा मल्याळम क. तुमच्या दारावरून जाणाऱ्या बसच्या पाटीवरचा कन्नड क हवा असेल तर ८९६ मिळवायचे. एखाद्या दुपारी वही घेऊन ळ, म, स यांचे आकडे मांडून बघा. मला आजही या बेरजेचं अप्रूप वाटतं.

आता ळ निघालाच आहे तर त्याच्या शेजाऱ्याबद्दल सांगते. देवनागरीत ळच्या पुढच्या घरात टिंब दिलेला ऴ आहे. मराठीला त्याची गरज नाही, तो द्राविडी भाषांसाठी ठेवलेला आहे. मल्याळममध्ये मात्र तो पदोपदी लागतो. कोऴिकोड आणि आलप्पुऴा या गावांच्या नावांतच आहे. आपण तिथे 'झ' म्हणतो ती रोमन स्पेलिंगची करामत. हा वर्ण इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून 'बी' दाबली की मिळतो. याउलट शिफ्ट आणि 'जे'वरचा ऱ तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे, कारण 'दऱ्या', 'सुऱ्या' लिहिताना तुम्ही तोच वापरत आलात. मल्याळममध्ये त्या कळेवर कठोर 'र' आहे आणि तिथे तो रोजच्या वापरातला धट्टाकट्टा वर्ण आहे. आपल्याकडे पापणीएवढा उरलेला हा र तिकडे पूर्ण अंगाने नांदतो.

टंकलेखन यंत्राची सवय मात्र इथे सोडावी लागेल. यंत्रावर 'कि' लिहिताना आपण वेलांटी आधी मारायचो, कारण कागदावर ती आधी उमटायची. संगणक उच्चाराच्या क्रमाने चालतो : आधी क, मग वेलांटी. मल्याळममध्ये ही बाब जास्त जाणवते. तिथे एकाराचं चिन्ह व्यंजनाच्या डावीकडे लागतं आणि 'को'सारख्या अक्षराचं चिन्ह तर व्यंजनाच्या दोन्ही बाजूंना फुटतं. तुम्ही क आणि मग ओकार दाबा. दोन तुकडे करून दोन्हीकडे बसवण्याचं काम फाँटचं. एक लक्षात असू द्या, तिथे ए आणि ओ ऱ्हस्वही असतात, दीर्घही. तुमच्या सवयीच्या 'एस' आणि 'ए' या कळांवर दीर्घ आहेत; ऱ्हस्व एकार 'झेड'वर आणि ऱ्हस्व ओकार आकडा १ च्या डावीकडच्या कळेवर.

आता तुमची चंद्रकोर. तिचं नाव चंद्रक्कला. आपण ज्याला हलन्ताची खूण म्हणतो तेच काम ती करते, पण शब्दाच्या शेवटी आली की तिचा उच्चार ओठांत अर्धवट विरणाऱ्या उकारासारखा होतो. 'अवन्' म्हणजे तो. त्याच्या शेवटच्या न्ला चंद्रकोर दिली की जवळजवळ 'अवनु' होतं आणि अर्थ होतो 'त्याला'. 'तो'मधला न् लिहायला मल्याळमने वेगळा आकार ठेवला आहे : न सारखाच, पण शेपूट वर वळवून मिटवलेला, कोणताही स्वर नको असं अंगानेच सांगणारा. अशा वर्णाला चिल्लू म्हणतात. ण, न, र, ल, ळ यांचे चिल्लू नेहमी भेटतात, क चा क्वचित. तुम्ही न आणि मग हलन्ताची 'डी' दाबलीत, संगणकाने इमानाने चंद्रकोर दिली, आणि 'तो'चा 'त्याला' झाला.

हा घोळ तुमच्या एकटीचा नाही. युनिकोडमध्ये सुरुवातीला चिल्लूला स्वतःचं घरच नव्हतं. न, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह अशी तीन घरं मिळून तो तयार व्हायचा. अदृश्य चिन्हाचं दुखणं असं की ते गळलं तरी कोणाला कळत नाही. मजकूर एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना एखाद्या प्रणालीने ते फालतू समजून काढून टाकलं की 'तो'चा 'त्याला' झालाच. मल्याळम मंडळींमध्ये यावर बरीच वर्षं कडाक्याचा वाद चालला. शेवटी एप्रिल २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत सहा चिल्लूंना स्वतःचे आकडे मिळाले.

मराठी माणसाने हे ऐकून 'त्यांचं त्यांना' म्हणू नये. दर्या आणि दऱ्या हे दोन शब्द घ्या. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. फरक आहे तो एवढ्याशा रफाराचा. हा पापणीचा र लिहायचे दोन मार्ग युनिकोडने आजही ठेवले आहेत : एक ऱ आणि हलन्त, दुसरा साधा र, हलन्त आणि तेच अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, आत आकडे वेगळे. म्हणून एका पद्धतीने लिहिलेल्या 'दऱ्या' दुसऱ्या पद्धतीने शोधल्या तर सापडतीलच असं नाही. आणि आपला ॲ? 'ॲप', 'ॲड'मधला? त्यालाही स्वतंत्र आकडा मिळाला तो त्याच ५.१ आवृत्तीत. तोपर्यंत अ ला वरून चंद्र चिकटवून वेळ निभावत होतो. तुमचा ॲ आणि विहीणबाईंचा चिल्लू एकाच दिवशी या यादीत आले, हे त्यांना पत्रात कळवायला हरकत नाही.

मग चिल्लू लिहायचा कसा? सुधारित इनस्क्रिप्टमध्ये त्याला थेट जागा आहे. संगणकावरचं कळफलकाचं चित्र उघडा, शिफ्ट दाबून पाहा आणि कोणती कळ ते एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. तुमच्या यंत्रावर जुनी मांडणी असेल तर दुसरा मार्ग म्हणजे उच्चारावर चालणारा मल्याळम कळफलक. त्यात रोमन अक्षरांनी शब्द लिहिला की शेवटचा न् बहुधा आपोआप चिल्लू होतो. चंद्रकोर हवी असेल तरच वेगळी खूण द्यावी लागते. विंडोजमध्ये दोन्ही कळफलक जोडून ठेवता येतात आणि विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबला की एकावरून दुसऱ्यावर जाता येतं. माझं मत विचाराल तर मुख्य लिखाण इनस्क्रिप्टमध्येच करा. चाळीस वर्षांची बोटं आहेत तुमची, ती रोमनच्या वळणाने कशाला न्यायची?

'कु' आणि 'रु'चं उत्तर : दोन्ही बरोबर. मल्याळम लिपीत जोडाक्षरं आणि उकार लागलेली अक्षरं धरून सुमारे ९०० आकार होते. टंकलेखन यंत्रावर आणि छापखान्यात ते परवडेनात, म्हणून १९७१ साली केरळ सरकारने लिपी सुधारली आणि आकार ९०च्या आसपास आणले. उकार व्यंजनात मुरवून लिहिण्याऐवजी शेजारी सुटा ठेवला. विहीणबाई तुमच्या वयाच्या असतील तर त्यांनी पाटीवर जुनी लिपी गिरवली, आणि हाताला लागलेलं वळण सरकारी आदेशाने थोडंच जातं! यंत्रासाठी लिपी कापावी लागली. आज संगणकाला ९०० आकार जड नाहीत, तेव्हा तिचं मूळ रूप परत वापरात आलं याचा मला मनापासून आनंद आहे. 'रचना' हा फाँट त्या ध्यासातूनच घडला, आणि स्वतंत्र मलयाळम कंप्यूटिंग या गटाने २०१६ साली आणलेला 'मंजरी'ही जुन्या वळणाचा आहे. दोन्ही मोफत मिळतात. तुम्ही लिहिलेल्या मजकुरातला एकही आकडा न बदलता, नुसता फाँट बदलला की सुटा उकार अक्षरात मुरतो. मराठी ल आणि श यांचं असंच आहे. हिंदी वळण आणि मराठी वळण यांचा आकडा एकच, रूप फाँट ठरवतो.

यात एक मराठी हातही आहे. विंडोजवरचा 'मंगल' ज्यांनी घडवला ते कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्याच मार्गदर्शनाखाली मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीत विंडोजचा 'कार्तिका' हा मल्याळम फाँट तयार झाला. जोशी फेब्रुवारी २००८ मध्ये गेले. चिल्लूंना घरं मिळाली ती त्यानंतर दोनच महिन्यांनी.

पत्रासाठी माझी शिफारस 'चिलंका'. नावाचा अर्थ घुंगरू. हा हस्ताक्षराच्या वळणाचा फाँट आहे, त्यामुळे छापील कागद हाती आल्यासारखं वाटणार नाही. अक्षरं जरा मोठी ठेवा, सोळाच्या खाली नको. पत्र फोनवर पाठवू नका, कागदावर छापून पोस्टाने पाठवा. समोरच्या यंत्रात कोणता फाँट आहे ही काळजीच उरत नाही. खाली सही मात्र हातानेच करा, थरथरली तरी चालेल.

आणि पाकिटावर गावाचं नाव लिहाल तेव्हा त्या चंद्रकोरीला घाबरू नका. पालक्काडच्या शेवटी आपण ड म्हणतो, मल्याळममध्ये तिथे ट लिहितात आणि त्याच्या डोक्यावर चंद्रक्कला हवीच. कळा अशा : एच, ई, एन, के, डी, के, ई, अवतरणचिन्ह, डी.